मागं पडलेला ठोका

“अर्धं कर,” राजी म्हणाली.

जमीरच्या हातातल्या ड्रमच्या काठ्या हवेतच थांबल्या. “काय अर्धं?”

“वेग. आत्ता वाजवलास त्याच्या अर्धा.”

मे महिना होता. राजीच्या मामांच्या गुऱ्हाळात आम्ही रेकॉर्डिंगला बसलो होतो. हंगाम संपून गुऱ्हाळ बंद पडलेलं, चुलवणावरची रस उकळायची भलीमोठी काहील काढून भिंतीला टेकवलेली. उरलेलं उसाचं चिपाड आम्ही तीन भिंतींना छतापर्यंत रचलं होतं, आवाज घुमू नये म्हणून. वर पत्रा, त्यामुळं आत नुसती भट्टी. जमिनीत गुळाचा वास इतका मुरलेला की माझ्या बेस गिटारच्या पेटीत मुंगळे शिरायचे.

जमीरनं अर्ध्या वेगानं वाजवलं. राजी गिटार मांडीवर आडवी ठेवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “अजून कमी.”

जमीर माझ्याकडं बघून हसला, पण ते हसू खरं नव्हतं. मलाही कळेना, ही काय करायला निघालीय.

आमच्या मेटल बँडचं नाव ‘करपा’. पिकावर पडतो तो करपा. नाव राजीनंच ठेवलेलं. तिचं पूर्ण नाव राजमती चौगुले. घराणं जयसिंगपूरचं जैन, कांदा-लसूणसुद्धा न चालणारं. सकाळी ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून माईकसमोर अशी गुरगुरायची, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस इकडं तिकडं बघायचा, आवाज नक्की येतोय कुठून म्हणून. कोल्हापूरकडच्या पुष्कळ मुलींसारखी तीही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायची. मी बेस वाजवायचो. आणि ड्रमवर जमीर शिकलगार. त्याच्या भावाचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत दुचाकींचं गॅरेज होतं.

खरं सांगायचं तर आमचं नाव झालं ते जमीरच्या पायांमुळं. जमिनीवरच्या मोठ्या बास ड्रमला दोन पेडल लावून तो दोन्ही पायांनी असा वाजवायचा, की पत्र्यावर गारा पडतायत असं वाटावं. ‘हल्ला’ हा आमचा पहिला अल्बम सगळा त्या वेगावर उभा होता. गाणी इंग्रजीत, शब्द कुणालाच कळायचे नाहीत आणि कळावेत असं आम्हालाही वाटत नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मैदानांवर पोरं स्टेजच्या बाजूला गर्दी करायची, नुसते जमीरचे पाय बघायला. पुण्या-मुंबईच्या बँडवाल्यांनी आमचं नाव घ्यायला सुरुवात केली तीही त्यामुळंच.

पुढच्या वर्षी गगनबावड्याच्या घाटात जमीरची गाडी घसरली. उजव्या नडगीत सळई घालावी लागली. बरेच महिने गेले, पण तो उठला, चालायला लागला, पुन्हा ड्रमवर बसला. कुणी विचारलं तर म्हणायचा, पाय झकास हाय. तो विषय तिथंच संपायचा. पहिल्यासारखा वाजवतोय असं मला तरी वाटत होतं.

आणि आता दुसऱ्या अल्बमच्या वेळी राजीनं हे काढलं होतं.

वेग एवढी एकच गोष्ट नव्हती. तिनं गिटारच्या तारा इतक्या सैल केल्या होत्या की छेडल्यावर त्या डोळ्यांना हलताना दिसायच्या. मलाही बेस तितकाच खाली आणायला लावला. गाणी मराठीत लिहिली होती. तीही दोन-चार ओळींची, सरळ. गुरगुरणं तिनं जवळजवळ सोडलंच होतं. खालच्या पट्टीत, छाती मोकळी सोडून ती गायची, आणि दोन ओळींच्या मध्ये इतकी जागा सोडायची की पहिल्या दिवशी मला वाटलं, शब्द विसरली. एका गाण्याचं नाव होतं ‘ओझं’. त्यात एक सूर वाजवून मी तो विरेपर्यंत काहीच करायचं नाही, असं तिनं सांगितलं होतं. मी विचारलं, लोक तोपर्यंत काय करतील? ती म्हणाली, ऐकतील.

मला भीती वाटत होती. ‘हल्ला’वर पोरं उड्या मारायची. ह्याच्यावर काय करणार? जमीरला तर काहीच पटत नव्हतं. जुन्या गाण्यांसारखं एक तरी ठेव म्हणून तो रोज भांडायचा, आणि मध्येच कधी न सांगता वेगानं सुटायचा. राजी हात वर करून थांबवायची. तो थांबायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा.

रेकॉर्डिंगला पुण्याहून बर्गे आला होता. गप्प, कामाला चोख माणूस. माईक कुठं ठेवायचा यावर तो अर्धा दिवस घालवायचा. जमीरच्या कानात त्यानं हेडफोनमधून टिकटिक लावून दिली होती, ताल बरोबर राहावा म्हणून. पहिल्याच दिवशी तो राजीला म्हणाला होता, थोडं मागंपुढं झालंय, मी कॉम्प्युटरवर सरळ करून देतो. राजी त्याला म्हणाली, हात लावू नकोस. मला वाटलं, शेवटी पुन्हा वाजवून घेणार असेल.

एका दुपारी राजी मामांच्या घरी भाकरी आणायला गेली होती. आम्ही तिघं दारातल्या सावलीत बसलो होतो. बर्गे वायरी गुंडाळत होता आणि कधी नव्हे तो बोलत होता. ‘ओझं’ची चाल त्याला आवडली होती. म्हणाला, हे गाणं सोपं वाटतं, पण सोपं नाही. पुण्यात त्या पोरानं वाजवलं तेव्हाही...

वायर गुंडाळणारे त्याचे हात थांबले.

जमीरनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “कुठल्या पोरानं?”

बर्गेनं माझ्याकडं बघितलं. मला खरोखरच काही माहीत नव्हतं. मग त्यानं सांगितलं, कारण खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. मार्च महिन्यात राजी एकटीच पुण्याला त्याच्या स्टुडिओत आली होती. तिथल्या एका नावाजलेल्या ड्रमरला बोलावून तिनं हेच गाणं त्याच्याकडून वाजवून घेतलं होतं. पोरगा चांगला होता, फार चांगला. पुढं काय ठरलं ते बर्गेला माहीत नव्हतं. राजीचा फोन आला तो थेट गुऱ्हाळात या म्हणून.

जमीरनं मान हलवली. उठला आणि आत गेला. थोड्या वेळानं झांजांचे स्क्रू फिरवल्याचा आवाज यायला लागला.

मी आत गेलो तेव्हा त्यानं मोठी झांज काढून गोणपाटावर ठेवली होती. मी म्हणालो, ती येऊ दे, विचारू आधी. विचारायचं काय, असं तो म्हणाला. आणि मग काम न थांबवता, माझ्याकडं न बघता, त्यानं जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. उजवा पाय त्याचं ऐकत नव्हता. डोक्यानं सांगितल्यावर जरा उशिरा पडायचा. वेगात वाजवताना डाव्या पायानं तो झाकून घ्यायचा. थंडीत तर घोटा धरूनच राहायचा. गॅरेजमध्ये शटर ओढून तो रोज सराव करायचा, भावालाही कळू न देता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढंच येईल, याच्या पुढं नाही.

“म्हणून मी फास्ट गाण्यासाठी भांडतोय,” तो म्हणाला. “हळू वाजवलं की सगळं उघडं पडतंय, धैऱ्या. तिला कळलंय. बाकीचं सगळं नाटक हाय. अल्बम झाला की मला नारळ देणार.”

लहानपणापासूनचा मित्र. त्याचे पाय बघायला पोरं यायची ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मी फक्त दुसरी झांज धरली, तो स्क्रू सोडवेपर्यंत.

राजी आली तेव्हा जमीर स्नेअर ड्रम पिशवीत घालत होता. तिनं भाकऱ्यांची दुरडी चुलवणाच्या कट्ट्यावर ठेवली, पिशवीकडं बघितलं, बर्गेकडं बघितलं. बर्गेनं खाली मान घातली. तिला सगळं समजलं.

तिनं त्याला थांब म्हटलं नाही. समजूत घातली नाही. एवढंच म्हणाली, “जायचं असेल तर जा. पण मी काय ऐकलं ते ऐकून जा.”

तिनं बर्गेला पुण्याचं ‘ओझं’ लावायला सांगितलं.

आम्ही ऐकलं. त्या मुलाचं नाव मी सांगत नाही, तो आज मोठा वादक आहे आणि तेव्हाही होता. एकही ठोका इकडचा तिकडं नव्हता. घड्याळ लावून घ्यावं असा ताल. मी मनात म्हणालो, संपलं. हा असा वाजवत असेल तर आम्ही कशाला आहोत?

गाणं संपल्यावर राजी म्हणाली, आता आपलं. बर्गेनं आदल्या दिवशी जमीरनं वाजवलेलं लावलं.

सुरुवातीला मला फरकच कळला नाही. गिटार तीच, चाल तीच. मग पहिल्या कडव्यात एका जागी राजीच्या गिटारचा घाव पडला आणि त्याच्या किंचित मागून जमीरचा पाय पडला. किती मागून ते मोजता यायचं नाही. पण त्या एवढ्याशा फटीत मी वाट बघत राहिलो. कुणीतरी डोक्यावरचं पोतं उतरवायला वाकलंय आणि ते अजून जमिनीला टेकायचंय, असं काहीतरी. मग तो ठोका पडला आणि चिपाडाच्या गंजीतून भुसकट खाली सांडलं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, खरंच सांडलं. बर्गेनंही वर बघितलं.

जमीर पिशवीची नाडी हातात धरून उभा होता.

“माझा पाय मागं पडतोय,” तो म्हणाला.

“हो.”

“हे तुला कधीपासून माहीत?”

“मागच्या गणपतीपासून,” राजी म्हणाली. “खोटं कशाला बोलू? दुसरा कोणी बघावा का, असं माझ्या मनात आलं. म्हणूनच पुण्याला गेलो. तुला सांगितलं नाही, कारण ठरलं नव्हतं. वाजवून घेतलं आणि येताना गाडीत ऐकत आलो. सगळं जागच्या जागी होतं, जमीर. फक्त गाणं कुठं नव्हतं. साताऱ्यापर्यंत मी माझ्याच चालीला शिव्या देत होतो. म्हटलं, चाल पडली. मग घरी येऊन सरावाच्या टेपवर तू गाणी बसवताना सावकाश वाजवलेलं ऐकलं.”

“मग?”

“मग बाकीची गाणी त्याच्यावर लिहिली. तुझा पाय जिथं मागं राहतो, तिथं माझी ओळ संपते. नीट बघ.”

जमीर पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. बाहेर मामांची म्हैस रेकली. मग त्यानं विचारलं, “माझी कीव करून गाणी लिहिलीस तू?”

“कीव केली असती तर पुण्याला गेलो असतो का?”

आज इतक्या वर्षांनी विचार केला तरी वाटतं, तिनं पुण्याचं तेव्हाही लपवलं असतं, गोड बोलून वेळ मारून नेली असती, तर जमीर त्या दिवशी निघून गेला असता आणि परत आला नसता. तो थांबला तो त्या पुण्याच्या फेरीमुळंच.

राजी पुढं बोलत राहिली. वर्गात मुलांना एखादं गणित समजावून सांगावं तसं, शांतपणे. आजवर आपण जोरात वाजवत होतो, म्हणाली, पण जड कधी वाजलोच नाही. सगळे ह्या संगीताला हेवी, जड म्हणतात आणि सगळे पळत सुटतात. पळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ओझं असतं का कधी?

जमीरनं पिशवी खाली ठेवली. बर्गेच्या शेजारी जाऊन बसला, हेडफोन कानाला लावले आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मध्येमध्ये तो हात वर करायचा.

“इथं चुकलोय.”

“हो.”

“इथं पण.”

“हो. आणि शेवटच्या कडव्यात बरोबर आलायस बघ,” राजी म्हणाली. “तिथं गाणं पडतंय. चूक ती आहे.”

तेव्हा जमीर हसला. त्या आठवड्यातलं त्याचं पहिलं खरं हसू. पण लगेच त्याच्या कपाळावर आठी पडली. म्हणाला, “मुद्दाम कसं चुकायचं पण? ते जमायचं न्हाई.”

“मुद्दाम नकोच. तू पाय लपवतोस, म्हणून कधी पुढं येतो, कधी मागं जातो. लपवायचं सोड.” मग ती बर्गेकडं वळली. “ती टिकटिक बंद कर. धैऱ्या, तू माझ्याकडं बघू नकोस. जमीरच्या पायाकडं बघ. तो पडल्याशिवाय तुझी तार हलवायची नाही.”

आम्ही भाकरी खाल्ली. जमीरनं दोनदा आमटी मागून घेतली. मग त्यानं झांजा एकेक करून परत चढवल्या, आणि दोन पेडलांपैकी डावं पेडल काढून बाजूला ठेवलं. आम्ही बघत राहिलो.

त्या संध्याकाळी आम्ही ‘ओझं’ वाजवलं ते एकदाच. मी नजर त्याच्या उजव्या पायावर ठेवली होती. अनवाणी पाय, नडगीवर लांब व्रण. गिटारचा घाव पडायचा, मला वाटायचं आता, आता, आणि पाय अजून वरच. हात आपोआप पुढं जायचा तो मी आवरून धरायचो. मग पाय खाली यायचा आणि त्याच्याबरोबर मी. असं वाट बघत वाजवणं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला कळेनासं झालं की आम्ही वेगवेगळी वाद्यं वाजवतोय. राजीचा आवाज त्या जागांमधून असा येत होता, जसा विहिरीतून पोहरा वर येतो. शेवटचा सूर विरला तरी बर्गेनं बटण दाबलं नाही. विसरला, असं तो नंतर म्हणाला. म्हणून अल्बमवर गाण्यानंतर बराच वेळ नुसता पत्रा तडतडल्याचा आवाज आहे, ऊन उतरल्यावर तापलेला पत्रा तडतडतो तसा. राजीनं तो काढू दिला नाही.

अल्बमचं नावही ‘ओझं’च ठेवलं. निघाला तेव्हा आमच्या जुन्या पोरांनी शिव्या घातल्या. ‘करपा’ म्हातारा झाला, गाभण म्हशीसारखा चालतो, असं कोणी लिहिलं. एका मोठ्या महोत्सवानं आमचं नाव काढून टाकलं. राजीवर याचा काही परिणाम झालेला मला दिसला नाही. कॉलेज सुटलं की ती सरावाला यायची आणि पुढचं गाणं काढायची. मी मात्र दोन-तीनदा म्हणालो, चुकलंच का आपलं? तेव्हा जमीरच मला गप्प करायचा.

मग बंगळुरूला एका जुन्या सभागृहात आमचा कार्यक्रम लागला. माणसं बेताचीच होती. मराठी कळणारी तर त्याहून कमी. आम्ही ‘ओझं’ सुरू केलं आणि समोर एकही पोरगं उडी मारेना. मला वाटलं, झालं. दुसऱ्या कडव्याला वर बघितलं तर अख्खी गर्दी एकत्र वाकत होती. घाव पडला की थांबायची, आणि जमीरच्या पायाबरोबर सगळ्यांच्या माना खाली यायच्या. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. जमीरनंही ते पाहिलं असावं, कारण शेवटच्या कडव्याला त्याचा पाय आणखी थोडा वर थांबला. पूर्ण सभागृह त्याच्यासाठी थांबलं.

त्यानंतर आमचं बरं चाललं. अजून दोन अल्बम झाले. आता राजी नाटकांना संगीत देते. अजून शिकवते. मी दर आठवड्याला जमीरकडं जातो. गॅरेज भावाच्या मुलांनी घेतलं, आणि वरच्या मजल्यावर जमीर ड्रम शिकवतो. देशभरातल्या बँडमध्ये आता तो मागं पडलेला ठोका ऐकू येतो. त्याला नाव पण आहे म्हणे काहीतरी. शिकायला येणारे पहिल्यांदा तोच मागतात.

परवा एक मुलगी आली होती, हुबळीची, इथं आर्किटेक्चर शिकणारी. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं. तो मागचा ठोका शिकवा म्हणाली, महिनाभर घरी करून बघितला, जमत नाही. जमीरनं तिला बसवलं आणि म्हणाला, ते राहू दे, तुझं काय येतं ते वाजव. मला बेस घ्यायला लावला. मी सवयीनं तिच्या पायाकडं बघत थांबलो.

तिचा पाय माझ्या अंदाजाच्या आधीच पडला. पुन्हा वाजवलं, पुन्हा आधी. उतावळा, पुढं धावणारा पाय. तिनं जीभ चावली आणि हात थांबवले.

“सॉरी सर, घाई होते माझी. नेहमीच होते.”

जमीर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

“थांबू नको,” तो म्हणाला. “धैऱ्या, तू तिच्याबरोबर जा. बघू, ह्याच्यावर काय बांधता येतं.”